पाणक्या विहिरीत राहत नाही

"टाक बाबांना विहिरीत," लेक म्हणाली. "नाहीतर हरशील."

आईने हातातल्या पत्त्याकडे पाहिलं. खांद्यावर कावड, मान खाली, मिशीखाली अर्धवट हसू. अगदी तसंच.

जादूच्या राज्याच्या जाडजूड कादंबऱ्यांवरून हा पत्त्यांचा खेळ निघाला, तेव्हा छपाईचं काम त्यांच्याच छापखान्याला मिळालं. ती तिथे पत्त्यांचे गठ्ठे जुळवायची, नवरा कटिंग मशीनवर. नमुने बघायला आलेल्या चित्रकाराला त्याचा चेहरा आवडला. राजा करील, निदान प्रधान तरी करील, अशी घरात चर्चा. केला पाणक्या. "असू दे," नवरा हसून म्हणाला होता, "घरी तरी मी दुसरं काय करतो? तुझ्यापुढे पाणीच भरतो."

गेल्या वर्षी तो मशीनपाशीच कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही.

खेळाची रीत अशी, की सुरुवातीला प्रत्येकाच्या गठ्ठ्यात पाणके नि गुराखी, सगळे किरकोळ. त्यांच्या जोरावर सरदार, चेटकिणी मिळवायच्या आणि गठ्ठा तगडा करायचा. गठ्ठा संपला की वापरलेले पत्ते पिसून पुन्हा तेच हाती येतात. म्हणून शहाणा खेळाडू कुचकामी पत्ते मुक्या विहिरीत टाकतो. तिथून कुणी परत येत नाही. पहिला मान पाणक्याचा.

आज पैज होती. लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. ती जिंकली तर आईने घराला कुलूप घालून तिच्याबरोबर जायचं. आई जिंकली तर तो विषय पुन्हा काढायचा नाही. भांडून भांडून दोघींचे घसे बसल्यावर आईनेच हा तोडगा काढला होता. त्याचं घर तिला सोडायचं नव्हतं, आणि ते राखायचं तर त्यालाच ढकलून द्यायचं. काय पण न्याय!

तिने ढकललं. जसजसे हाती आले तसतसे सगळे पाणके, मनातल्या मनात "माफ करा हं" म्हणत.

गठ्ठा पिसून तिने पुढचे पाच पत्ते उचलले. त्यात पाणक्या.

"आई, चोरून परत घेतलास."

"नाही गं."

"मग काय पायांनी चालत आला?"

आईला स्वतःच्याच हातांचा संशय आला. इतकी वर्षं गठ्ठे जुळवून बोटांना खोड लागली होती. गठ्ठा जरा पातळ लागला, की तिच्या नकळत हात राहिलेला पत्ता शोधून आत सरकवायचा. तिने तसं सांगितलं. लेकीने तोही पाणक्या विहिरीत टाकला आणि विहिरीतले सगळे पत्ते मांडीखाली दाबून ठेवले.

"आता पिसणार मी, वाटणार मी. तू हाताची घडी घाल."

आईने शाळेतल्या पोरीसारखी घडी घातली. डाव तिच्याच बाजूने झुकला होता. एक बरा हात आला की घर राहणार होतं.

लेकीने वाटले. आईने उचलले.

पाचही पाणके.

आणि पाचांनीही मान वर केलेली. तो तिच्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता. कामावर निघायच्या वेळी तिचं आवरेपर्यंत चपला घालून उभा असायचा, तसा. बोलायचा नाही, नुसता दाराकडे बघायचा. ती मुकाट्याने आटपायची.

पत्ते बोटांना ओले लागत होते.

"काय झालं? खेळ ना."

आईने पत्ते पालथे ठेवले. "हरले मी."

"असं कसं? दाखव तरी."

"हरल्या हाताचं काय बघायचंय, बाई."

लेकीने मांडीखाली चाचपलं. विहिरीतले पाणके जागच्या जागी होते. जिंकूनही तिचं तोंड एवढंसं झालं.

"तू मुद्दाम हरलीस."

"मी कशाला मुद्दाम हरू?"

आई उठली, हात पुसले आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल ओढलं. त्यावर एक पाय ठेवून ती क्षणभर थांबली.

"तिकडे नळाला पाणी वेळेवर येतं ना गं?"