तात्याचा आवाज बसलाय का?

मित्रांनो, माझ्या डाव्या बाजूचा पत्रा कधीच निघून गेला आहे. आत धूळ जाऊ नये म्हणून तिथे एका जुन्या ओढणीचा तुकडा लावलेला आहे. माझ्या पोटातला पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटतं, कुणीतरी तांदूळ पाखडतंय. असा मी एक म्हातारा संगणक, वडवणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, सत्तारचाचांच्या घरी राहतो.

माझी पहिली काही वर्षं बीडला गेली. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात मी कामाला होतो. दिवसभर जातीचे दाखले, परीक्षांचे अर्ज, सातबारे. लोक माझ्याकडे बघायचे, पण काळजीने. माझ्याकडे बघून तिथे कुणी कधी हसलं नाही. पुढे दुकानात नवे संगणक आले आणि मला एका खोक्यात घालून माळ्यावर टाकलं.

तिथून मला मुस्तकीमने आणलं. मुस्तकीम हा सत्तारचाचांचा मोठा मुलगा. तो मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याने मला खोललं, ब्रशने पुसलं, कुठून तरी एक जुनं ग्राफिक कार्ड आणून बसवलं आणि आपल्या बहिणीच्या, हीनाच्या टेबलावर मला ठेवलं. हीना तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला वाटलं अभ्यास होईल. अभ्यास झालाही, पण त्याआधी माझ्यात एक खेळ आला.

तो ट्रॅक्टर चालवण्याचा खेळ होता. परदेशातलं शेत, लाल ट्रॅक्टर, हॅट घातलेली माणसं. हीना आणि तिची मैत्रीण वर्षाराणी दोघी मिळून तो खेळायच्या. एकदा खेळात बर्फ पडायला लागला. पडद्यावर हॅटवाला शेतकरी गप्प उभा होता. वर्षाराणी त्याच्या वतीने म्हणाली, "बर्फ न्हाई ह्यो. कुणाचा तरी कापूस उडालाय." दोघी हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. आणि त्या हसण्यातून एक मालिका जन्माला आली. नाव ठेवलं 'ट्रॉली निघाली'.

मित्रांनो, कठपुतळीचा खेळ तुम्ही पाहिला असेल. हे तसंच होतं, फक्त दोऱ्यांच्या जागी माझी बटणं होती. दोघी खेळातल्या माणसांना चालवायच्या, वळवायच्या, ट्रॅक्टर खड्ड्यात घालायच्या. मी ते सगळं टिपून ठेवायचो. मग त्यावर त्या आपले आवाज चढवायच्या आणि भाग इंटरनेटवर टाकायच्या. गोष्ट साधी होती. दगडूतात्या नावाचा माणूस ट्रॉली भरून बाजाराला निघतो आणि काही केल्या बाजारात पोचत नाही. खेळातल्या माणसांची तोंडं उघडत नसत, म्हणून सगळी मदार आवाजावर.

पण दगडूतात्यांना आवाज सापडत नव्हता. वर्षाराणीने आवाज जाड करून पाहिला, मुस्तकीमने पाहिला. जमेना. एके दिवशी दुपारी सत्तारचाचा फळांचा गाडा लावून घरी आले. बाजारात "डाळिंब घ्या, सीताफळ घ्या" ओरडून कमावलेला त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्यांनी पडद्यावरच्या हॅटवाल्याला बघितलं आणि सहज विचारलं, "काय बे, एवढी मोठी टोपी घालून बाजारला निघालास. बैल वळखतेत का तुला?"

माइक चालू होता. मी ते वाक्य जपून ठेवलं. दगडूतात्यांना आवाज मिळाला.

नंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. आठवड्याला एक भाग निघायचा. संध्याकाळी हीना माझ्यासमोर बसायची आणि सत्तारचाचा बाजेवर टेकून विचारायचे, "आज काय म्हंतेत लोक?"

मग हीना कमेंट वाचायची. दिंद्रुडच्या कुणा पप्पूने लिहिलं होतं, 'तात्या हुबेहूब आमच्या चुलत्यावाणी बोलतेत. चुलत्याला दाखवलं तर ते म्हणले, कोण येडं हाय हे?' पुण्याहून एका बाईंनी लिहिलं, 'भाषा फार गोड आहे. निम्मी कळली नाही.' कुणी लिहिलं, 'चित्रं भंगार, बोलणं लई भारी.' चांगलं वाचून झालं की हीना थांबायची. तेव्हा चाचा म्हणायचे, "शिव्या पण वाच बेटा. गिऱ्हाईक फळ दाबून बघणारच."

एकाने लिहिलं होतं की असल्या फालतू नाटकात त्याचा वेळ वाया गेला.

"शेवटपर्यंत बघितलं का त्यानं?" चाचांनी विचारलं.

"हो अब्बा. शेवटच्या विनोदावर पण टीका केलीय."

"मग त्याला आवडलंय," चाचा म्हणाले आणि हात डोक्याखाली घेऊन निवांत पडले.

या सगळ्या मतांमध्ये एक नाव दर भागाखाली हमखास असायचं. सत्यभामा. ती वडवणीजवळच्याच एका वाडीची, पण दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला लांब कारखान्यावर जायची. उसाच्या पाचटाच्या झोपडीबाहेर, म्हणजे कोपीबाहेर बसून सात-आठ जणं एका मोबाईलवर मालिका बघायचे, असं तिने लिहिलं होतं. तिचं मत सरळ असायचं. 'आजचा भाग झकास.' किंवा 'आजचा बेचव. तात्याला उगंच पळवला.' ती बेचव म्हणाली की हीना आणि वर्षाराणी तो भाग पुन्हा बघायच्या, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं.

थंडीच्या सुरुवातीला तिची एक वेगळी कमेंट आली. 'दोन-तीन भागांपासून ऐकतीय. तात्याचा आवाज बसलाय का? सर्दीचा वाटत न्हाई. दवाखान्यात दाखवा.'

हीनाने ती वाचून दाखवली. चाचा हसले. "गाड्यावर ओरडून बसला आसंल. गूळ-सुंठ खाल्ली की हुतंय नीट."

घरातल्या कुणाला काही वेगळं जाणवलं नव्हतं. रोज ऐकलेला आवाज रोज थोडा थोडा बदलला तर कानाला कळत नाही. पण हीनाला चैन पडेना. तिने दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यातून पहिला भाग काढला आणि चाचांना ऐकवला. लगेच त्याला जोडून परवाचा भाग ऐकवला. मी दोन्ही आवाज जसेच्या तसे ठेवले होते. पहिला स्वच्छ, मोकळा होता. दुसरा आवाज खडबडीत वाटेवरून बैलगाडी जावी तसा खरखरत होता.

चाचा बाजेच्या काठावर बसले होते. त्यांनी पहिला भाग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "पहिला पण मीच का?"

त्या आठवड्यात मुस्तकीम त्यांना बीडला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. घशात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, जीव वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल.

मित्रांनो, त्यानंतर मी बरेच दिवस बंदच होतो. माझ्या बटणांवर धूळ बसली. घरात बोलणं कमी झालं होतं. चाचा परत आले तेव्हा गळ्याला पांढरा रुमाल होता. रुमालाखालच्या छिद्रातून ते श्वास घ्यायचे. त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. गाडा आता त्यांच्या बायको, जुलेखाचाची लावायच्या. चाचा घरी बसून डाळिंबं पुसून द्यायचे.

एक दिवस चाचांनी स्वतःच माझ्याकडे बोट दाखवलं आणि हीनाला खूण केली, चालू कर.

मालिका पुन्हा सुरू झाली. तात्यांचा आवाज मुस्तकीमने दिला. आणि भागाखाली रागाच्या कमेंट यायला लागल्या. 'हा कोण? हा तात्या न्हाई.' 'नाव झालं की माज येतो, जुन्या माणसाला हाकलला वाटतं.' सत्यभामेने तर लिहिलं, 'ज्याच्या जिवावर मोठं झालाव त्यालाच काढलाव. आमी बघणार न्हाई.'

हीना रडवेली झाली. "अब्बा, मी खरं काय ते लिहून टाकते."

चाचांनी नकाराची मान हलवली. माझ्यासमोर बसून त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'लोक हसायला येतेत. रडवू नको.'

वर्षाराणीने वेगळा मार्ग सुचवला. "चाचा, तुमचे जुने आवाज हायेत ना, त्यावरून यंत्र नवी वाक्यं तयार करतंय. अगदी तुमच्यावाणी."

तिने तसं एक वाक्य करून ऐकवलं. आवाज खरंच चाचांसारखा होता. चाचांनी ते पूर्ण ऐकलं आणि पुन्हा बोट चालवलं, 'हा बोलतोय. मी कुठं बोलतोय?' मग ते उठून अंगणात गेले. वर्षाराणीने ते वाक्य पुसून टाकलं.

काही दिवसांनी दोघी तालीम करत होत्या. वर्षाराणी खेळातल्या तात्यांच्या बायकोचं बोलत होती. "आवो, बाजारला येताव का मी एकटीच जाऊ?" पडद्यावर तात्या ट्रॅक्टरवर नुसते बसलेले. तेवढ्यात चाचा मागून आले, वाकले आणि माझं एक बटण त्यांनी दाबलं. ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. एकच, लांबलचक, कंटाळलेला.

वर्षाराणीने भोंग्यालाच उत्तर दिलं. "एवढं वरडू नका. येत न्हाई म्हना की सरळ."

चाचांनी लगेच दोन छोटे भोंगे दिले. पट्, पट्.

"आन् शिव्या कावून देताव?"

हीना इतकी हसली की जुलेखाचाची स्वयंपाकघरातून बघायला आल्या. चाचांचे खांदे गदगदत होते. ते हसत होते. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

तेव्हापासून दगडूतात्या भोंग्याने बोलू लागले. चाचा स्वतः बटण दाबायचे. कुठे थांबायचं, कुठे अर्धवट सोडायचं, कुठे उगाच एक बारीक टुर्र करायचं, हे त्यांना बाजारात गिऱ्हाइकाशी बोलून बोलून कळलेलं होतं. काही लोकांना ते फार आवडलं. काही भडकले. भोंग्यामागचं खरं कारण कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सत्यभामा बघणार नाही म्हणाली होती, तरी बघत होती. तिने लिहिलं, 'तात्याचं तोंडच बंद केलं? पाडव्याला गावाकडं येतीय. घरी येऊन जाब इचारते.'

आणि ती खरंच आली. वडवणीच्या बाजाराच्या दिवशी, विचारत विचारत, हातात भाजीची पिशवी घेऊन. उन्हाने रापलेली, बोटांना चिंध्या बांधलेली, ठसठशीत आवाजाची बाई. पाणी पिऊन झाल्यावर तिने पिशवी बाजूला ठेवली.

"हीना तूच का? मंग सांग, त्या माणसाला कावून काढला तुमी? आमच्या कोपीवर दिवसभर मोळ्या वाहून माणसं मरगळत्यात. त्याचा आवाज ऐकला की गावाकडं आल्यावाणी वाटायचं. कुठं हाय तो माणूस?"

हीनाने चाचांकडे पाहिलं. चाचा बाजेवर डाळिंबं पुसत बसले होते. ते उठले, माझ्यासमोर बसले, खेळ उघडला. ट्रॅक्टर पडद्यावर आला. चाचांनी भोंगा दिला. आधी एक लांब, मग दोन बारीक, मग एक लाजल्यासारखा.

सत्यभामेने पडद्याकडे पाहिलं. मग चाचांच्या बोटाकडे. मग गळ्याच्या रुमालाकडे.

"तुमी?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

चाचांनी लिहिलं. एकेक शब्द उमटेल तसा ती मोठ्याने वाचत गेली. "तुमी... सांगितलं... म्हनून... दवाखान्यात... गेलतो. डॉक्टर... म्हणले... येळेवर... आलाव."

तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं. पण ती रडत बसणारी बाई नव्हती. थोड्या वेळाने ती चाचांवरच उखडली. "मंग हे लपवलं कावून? आमी खुळ्यावाणी शिव्या घालीत बसलो!"

चाचांनी लिहिलं, 'कीव नको.'

"कीव कोण करतंय तुमची? भाऊ, म्या एका वळीनं तुमाला सांगितलं. तुमी गेलाव, वाचलाव. तुमचं ऐकणारी एवढी माणसं हायेत. त्यांच्यात कुणाचा आवाज बसला आसंल, त्याला कोण सांगणार?"

चाचांनी पुन्हा एक डाळिंब उचललं आणि बराच वेळ पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं. मग त्यांनी माइक उचलला आणि सत्यभामेसमोर धरला.

पुढच्या भागात हॅट घातलेली एक नवीन बाई ट्रॅक्टरच्या आडवी आली. तिचा आवाज सत्यभामेचा होता. ती म्हणाली, "आयका रं समदे. तात्याच्या गळ्याचं आपरेशन झालं. आवाज गेलाय, तात्या हाय. रडायचं न्हाई. पण कुणाचा आवाज लई दिवस बसलेला आसंल तर त्यानं आधी दवाखान्यात जायाचं, मग आमचा भाग बघायचा." इतकं बोलून ती ट्रॉलीत चढली आणि तात्यांना रस्ता चुकल्याबद्दल रागावू लागली.

त्या भागाखाली खूप मतं आली. माफी मागणारी आली, आशीर्वाद देणारी आली. एकाने 'भाग जरा लांबला' असंही लिहिलं, तेव्हा चाचांनी मान डोलावली. आणि काही दिवसांनी शिरूर कासारहून रामकिसन नावाच्या एका माणसाची कमेंट आली. 'माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज दिवाळीपासून घोगरा आहे. आम्ही तिला चिडवत होतो. आज दवाखान्यात घेऊन चाललो आहे.'

हीनाने ती वाचली. चाचांनी खूण केली, परत वाच. तिने परत वाचली. मग चाचांनी डोळे मिटून घेतले आणि तिने ती पुन्हा एकदा, सावकाश वाचली.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. मुस्तकीम अधूनमधून माझी धूळ काढतो, कुठलीशी तार सरळ करतो आणि मी पुन्हा चालू होतो. मोठा भाग जोडताना मी गरम होतो आणि मध्येच बंद पडतो. तरी माझी तक्रार नाही. माझ्याकडे बघून घरभर माणसं हसली, एवढं मला पुरेसं आहे.

माझं मागणं एवढंच आहे. तुम्ही काही बघाल, ऐकाल, तेव्हा आपलं मत जरूर लिहा. खोटं कौतुक करू नका. आवडलं नाही तर तसंही लिहा, कारण असल्याच एका मताने या घरातला माणूस वाचला. पण लिहिण्याआधी, समोर कोण बोलतंय त्याचा आवाज नीट ऐका. आणि रोज जे आवाज तुमच्या घरात तुम्हाला हाक मारतात, ते तर आजच ऐका.