पिठावरून पोटरीवर

हसणार नसाल तर सांगतो, मी एक लाटणं आहे. तुमच्या पोळपाटावरच्या गुबगुबीत लाटण्यासारखा नाही हं मी. चांगला हातभर लांब, सडपातळ, जर्दाळूच्या लाकडाचा. तब्रीझच्या बाजारात एका कातार्‍यानं मला घडवलं आणि विकताना छाती फुगवून म्हणाला, "खानम, हा तुमच्या नातवंडांच्यासुद्धा शेवया लाटेल!" नातवंडं अजून झाली नाहीत. शेवयाही बंद झाल्या. हल्ली मी पाय लाटतो.

मला विकत घेतलं ते फरंगीसनं. शाळेत शिवण शिकवायची. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, सोलमाझ. दर शुक्रवारी उजाडताना या दोघी मायलेकी गावामागच्या ऐनाली डोंगरावर जायच्या. पार माथ्यापर्यंत. दहाच्या सुमारास लालबुंद होऊन, भुकेनं कावून परत यायच्या आणि मग माझी पाळी. फरंगीस कणीक तिंबायची, मी ती पातळ करायचो, सोलमाझ सुरीनं शेवया कापायची. जाडजूड कापायची मेली, पण मला ते दिवस फार आवडायचे.

सात वर्षांपूर्वी सोलमाझ नोकरीसाठी कॅनडाला गेली. आमच्याकडे माणूस प्रवासाला गेलं की त्याच्या मागे तिसऱ्या दिवशी शेवयांचं दाट सूप, म्हणजे आश, शिजवतात, म्हणजे गेलेली पावलं सुखरूप परत फिरतात. फरंगीसनं त्या दिवशी सात घरांना पुरेल एवढं आश केलं. मग मला पुसलं आणि वरच्या फडताळात चाळणीमागे टाकून दिलं. डोंगरही सोडला. "एकटीनं काय चढायचंय?" असं शेजारणीला म्हणाली ते मी वरून ऐकलं.

फोनवर मात्र वेगळंच चालायचं. सोलमाझ विचारायची, "आना, डोंगरावर जातेस ना?" आमच्याकडे आईला आना म्हणतात. आना बेधडक सांगायची, "दर शुक्रवारी! चुकवत नाही." सोलमाझ म्हणायची, "मी पण रोज नदीकाठी पळते." चाळणी आणि मी, दोघंही गप्प बसायचो.

यंदा नवरोज संपला आणि फोन आला. "आना, जूनमध्ये येतेय. बाराच दिवस सुट्टी आहे. पहिल्या शुक्रवारी आपण दोघी माथ्यावर!"

"तर काय! जाऊ की!" फरंगीस म्हणाली. फोन ठेवला. "मेले बाई," म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी पहाटे निघाली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! बूट घातले तेही सोलमाझचे जुने. सात वर्षं ते दाराशी तसेच होते, पुसून ठेवलेले, जणू पोरगी आत न्हायला गेलीय. सगळा डांबरी चढ एका दमात चढली, आणि उतरताना चक्क पळत आली. संध्याकाळी तिला खाली बसवेना. बसली तर उठवेना. मांड्या भरून आल्या, पोटऱ्यांत गोळे. दोन दिवसांनी मांड्या जरा सुटल्या तशी ही पुन्हा गेली, पुन्हा तशीच पळाली. आठवडाभर हाच हट्ट. मग नडग्या धरल्या. हाडाच्या आतल्या कडेनं अशी कळ, की जिना उतरताना भिंत धरून "आई आई" करायची.

आणि एका दुपारी फडताळ उघडलं. मला वाटलं, शेवया! सात वर्षांनी हात लागला हो तिचा. कसलं काय. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि मला सरळ नडगीच्या हाडावर दाबून फिरवायला लागली. कुठं ते लोण्यासारखं पीठ आणि कुठं हे हाड! मी खडखडतोय, ती किंचाळतेय. तिच्या डोळ्यांतून पाणी, पण सोडते कशाला? "बरं हो, बरं हो मुकाट्यानं," पायाला दटावत होती.

आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरची इशरत खानम धावत आली. तीस वर्षं दवाखान्यात लोकांचे अवघडलेले हातपाय हलते करण्यात गेलेली बाई. जीभ तिखट, हात मऊ.

"अगं ए, पाय आहे की कणीक?" तिनं मला हिसकावूनच घेतलं. "हाडावर लाटणं? कुणी शिकवलं?"

"दुखतंय म्हणून..."

"दुखणारच! सात वर्षं गादीवर बसायचं आणि एका आठवड्यात हरिण व्हायचं. वय काय तुझं?"

"अठ्ठावन्न."

"बूट दाखव." बूट वाकवून बघितला, वाकेचना. "हे बूट आहेत? लाकूड झालंय. टाकून दे आधी."

"ते सोलमाझचे आहेत," फरंगीस हळूच म्हणाली.

इशरतनं बूट अलगद खाली ठेवला. मग म्हणाली, "मग दाराशी ठेव. पायात नको घालूस."

तिनं नडगीवर वरपासून खालपर्यंत बोटं दाबून पाहिली. "सगळीकडे थोडं थोडं दुखतंय ना? मग ठीक. एकाच जागी बोट ठेवताच ओरडली असतीस, तर आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ओढत नेली असती. हाडाला चीर असली तर चेष्टा नाही." मग बर्फाच्या कप्प्यातली मेथी-कोथिंबिरीची गोठवलेली पिशवी काढली, फडक्यात गुंडाळली आणि नडगीवर ठेवली. "पंधरा मिनिटं. दिवसातून तीनदा. आणि दहा दिवस डोंगराचं नाव काढायचं नाही."

"दहा दिवस? इशरत, पोरगी येतेय गं! तिला कळलं की मी... तिची आई म्हातारी झाली असं वाटेल तिला."

"मग लंगडत जा तिच्यासमोर."

फरंगीसनं पाय पुढे केला. इशरतनं मला तिच्या पोटरीवर ठेवलं. मागच्या मऊ भागावर, घोट्याकडून गुडघ्याकडे, अगदी हलक्या हातानं. "असं. जोर नको. हाडाला शिवायचं नाही. रोज पाच मिनिटं."

खरं सांगू? मी आधी रुसलो होतो. पिठातला मानकरी मी, आणि आता पोटऱ्या? पण त्या संध्याकाळी फरंगीसच्या तळव्यांची ऊब दोन्ही टोकांना लागली, आणि रुसवा पार गेला. सात वर्षं मी त्या हातांसाठीच झुरत होतो. मग खाली पीठ असो की पाय.

दहा दिवस सरले. नवे बूट आले. आधी बागेतल्या मातीवर सपाट चालणं, वीस मिनिटं. एक दिवस आड. जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, भिंत धरून. मग अर्धा तास. मग डोंगराचा पहिला टप्पा, आणि उतरताना पळायचं नाही, इशरतची सक्त ताकीद. मी रोज रात्रीच्या जेवणाआधी पोटरीवरून फिरायचो. गाठी सुटत गेलेल्या मला पहिल्यांदा कळल्या. मेच्या शेवटाला तिच्या पोटऱ्या अशा घट्ट झाल्या, की माझीच मला लाज वाटावी. ती एकदा माथ्याखालच्या शेवटच्या वळणापर्यंत जाऊन परत आली. "वर नाही गेले," इशरतला सांगत होती, "वर तिच्याबरोबर."

सोलमाझ आली. दारात दोघी किती वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या ते मी सांगत नाही. शुक्रवारी पहाटे निघाल्या. थर्मास, लवाशच्या पातळ रोट्या, उकडलेली अंडी, बटाटे आणि पिशवीच्या तळाला मी. "असू दे, लागलं तर," फरंगीस म्हणाली.

"आना, तारेवरच्या पाळण्यातून जाऊ या का वर?" पायथ्याशीच सोलमाझनं विचारलं.

"डब्यात बसून डोंगर चढायला मी काय बटाट्याचं पोतं आहे? चल!"

निम्म्या वाटेवर चहाची टपरी आहे. तिथं सोलमाझ धपकन बसली. तोंड पांढरंफटक, दोन्ही हातांनी नडगी धरलेली. "आना, मी खोटं बोलले. नदीकाठी मी पळत नाही. बाकावर बसून पळणारी माणसं बघते. तुझ्याबरोबर चढायचं म्हणून गेल्या महिन्यात एकदम पळायला लागले, तेव्हापासून हे असं दुखतंय."

"पाय असा दुखत असताना इथवर चढलीस, वेडे?"

"तुझ्यासाठी गं."

फरंगीसनं एकदा वर माथ्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी बसली आणि मोठा सुस्कारा टाकला. "बरं झालं बाई बसलीस. माझाही जीव चालला होता."

साफ खोटं! ती तेव्हा दोनदा वर जाऊन आली असती. पण तिनं मला बाहेर काढलं, लेकीचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरीवरून मला फिरवायला लागली. घोट्याकडून गुडघ्याकडे, हलक्या हातानं. टपरीवाला ओरडला, "खानम, आश होणार आहे का?" सोलमाझ हसता हसता रडली.

बारा दिवसांत तिचा पाय डोंगरापुरता बरा झाला नाही. निघताना फरंगीसनं मला फडक्यात गुंडाळून तिच्या बॅगेत घातलं. तिसऱ्या दिवशीचं आश बहुतेक बाजारच्या शेवयांचं झालं असेल.

आता मी इथं कॅनडात, सोलमाझच्या खिडकीत असतो, पलीकडे नदी. सोलमाझ एक दिवस आड चालते, टाचा वर-खाली करते, मला फिरवते. तिचा हात चांगला आहे, पण तो हात नाही. दर गुरुवारी संध्याकाळी फोन वाजतो. तिकडे शुक्रवारची सकाळ असते. फरंगीस टपरीवरून बोलते. वारा ऐकू येतो.

"आना, माथ्यावर गेलीस?"

"नाही गं बाळा. इथपर्यंतच. गुडघा कुरकुरतो."

सोलमाझला ते खरं वाटतं. मग आता डोंगर कसला, घाई कसली, असं म्हणत तिकिटाचं पुढच्या वर्षावर ढकलते. मला तोंड असतं तर आज मी ओरडलो असतो. पोरी, ती साठीला आलीय. तिचा गुडघा ठणठणीत आहे. ती तुझ्यासाठी थांबलीय तिथं. ये.