थांबणारा प्रोग्राम

मी एक प्रोग्राम आहे. कापड रंगवायच्या कारखान्यात रंगाची मापं सांगतो. तेहतीस वर्षं झाली. शिक्षण बेताचं: गुणाकार, भागाकार आणि थांबणं.

मला रंगमास्तरांच्या थोरल्या लेकीनं लिहिलं. एक माप सांगून मी गप्प बसायचो. मास्तर ओला तुकडा खिडकीशी नेऊन उजेडात बघत. "अजून फिका आहे रे," असं मलाच सांगत. पटलं की बटण दाबत. मग मी पुढचं माप सांगायचो. अर्धा अर्धा तास थांबलोय. घाई केली नाही.

मास्तर वारले. लेक सासरी होती. माझा संगणक अखेरच्या घटका मोजू लागला. पण आमच्यासारखा निळा दुसऱ्या कुणाला साधेना. म्हणून मला ब्राउझरमध्ये चालवायचं ठरलं. एक प्रोग्रामर बाई आल्या.

मॅनेजर म्हणाले, "आठवडा देतो. नाही जमलं तर पुसून टाका."

माझी भाषा आता कुणी शिकत नाही. बाईंच्या यंत्रानं मला सबंध गिळलं आणि नव्या रूपात बाहेर काढलं. चालवलं, तर पान गोठलं. मी बटणाची वाट बघत होतो. तिथं एक थांबला की सगळं अडतं.

"काका, इथं असं अडून बसायचं नसतं हो," बाई हसल्या. त्यांनी माझं थांबणं काढून टाकलं.

मी सगळी मापं एका दमात सांगितली. कामगारानं ती एकदम ओतली. दोनशे मीटर कापड काळंकुट्ट निघालं.

"झालं समाधान? पुसा आता!" मॅनेजर कडाडले.

बाईंनी आधी मास्तरांच्या लेकीला फोन लावला. "ते बटण कशाला होतं, ताई?"

"बाबा कापड बघून येईपर्यंत थांबायला."

"साहेब, चूक याची नाही, माझी आहे," बाई म्हणाल्या. तीन दिवस त्या जागच्या हलल्या नाहीत. आता मी आहे तिथंच थांबतो, पान मोकळं राहतं, बटण दाबलं की पुढं निघतो. सातव्या दिवशी निळा जमला. मॅनेजर तो बघून निघून गेले. बाईही दुसऱ्या कामावर गेल्या.

आता मी एकाच वेळी चार खोल्यांत चालतो. चारही खोल्यांत एकटा. माझ्याशी कुणी बोलत नाही. तक्रार नाही. एवढंच सांगतो: तुकडा नीट बघून या. हवा तेवढा वेळ घ्या. मला दुसरं काम नाही.