पुढचं पान

हेतलचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं, दोन हजार एक साली. आता शिमगा सरला, तरी दत्तात्रेयांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र, मुंबईचा शिक्का. ते त्यांनी घरगुती वैद्यकाच्या जाड पुस्तकात घालून ठेवलं होतं आणि पुस्तक कपाटात मागे सारलं होतं. न उघडताही ते त्यांना पाठ होतं.

"काका, बाबांना मेंदूचा झटका आला त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा ते काही बोलले का? सकाळीच हात जड वाटतोय म्हणाले होते, आणि आई हसली होती, कामाला टाळाटाळ म्हणून. निहारदादा म्हणतो, तेव्हाच ओळखलं असतं तर बाबा आज बोलते असते. तो आईशी बोलत नाही. तुम्हाला काही माहीत असेल तर लिहा."

माहीत तर सगळंच होतं.

हेतलचा बाप महिपत मांडवीचा, होडीवरचा माणूस. दत्तात्रेय कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, चार माणसांत तोंड न उघडणारे. पण रोज दुपारी दोनला ते महिपतच्या पडवीत जाऊन बसत. महिपत जाळी दुरुस्त करी आणि दत्तात्रेय त्याला मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवीत. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. महिपतचे हात सपासप चालत होते, मधूनमधून "असला राजा आमच्या होडीवर नको रे बाबा" असे गोष्टीवर शेरे चालू होते. आणि मग जाळं विणायची लाकडी सुई त्याच्या उजव्या हातातून गळून पडली. तोंड एका बाजूला ओघळलं.

"काय नाय भाऊ," तो जड जिभेनं म्हणाला, "हात झोपला."

घड्याळात पावणेतीन झाले होते.

"थांब, बघून येतो," असं म्हणून दत्तात्रेय उठले. डॉक्टर बघायला नव्हे, तर घरी जाऊन वैद्यकाचं पुस्तक बघायला! वाटेत रिक्षांचा थांबा होता. तिघे रिक्षावाले सावलीत पत्ते कुटत होते. एक हाक मारायची, एवढंच काम. पण काय म्हणून मारायची? निघालं काहीच नाही तर लोक हसतील. दत्तात्रेय मान खाली घालून पुढे गेले.

पुस्तकात लिहिलं होतं: चेहऱ्याची नस सुजल्यास तोंड वाकडं होतं, काही आठवड्यांत बहुधा आपोआप बरं होतं, घाबरू नये. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहासुद्धा केला. चहा पिऊन पुस्तक मिटताना पान उलटलं गेलं. पुढच्या पानावर होतं: तोंडाबरोबर हातही लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मेंदूचा रक्तपुरवठा अडला आहे असं समजावं, क्षणही न दवडता रुग्णालय गाठावं.

ते धावत परत पोचले तेव्हा साडेचार झाले होते. बाजारातून परतलेली कमळा, महिपतची बायको, डोक्यावरची रिकामी पाटी टाकून किंचाळत होती. "भाऊ! कधी झालं वो हे?"

"मी... मी आत्ताच आलो," दत्तात्रेय म्हणाले.

शब्दाला शब्द लावून पाहिला तर खोटं नव्हतं. तेच त्यांना रोज टोचत होतं.

महिपतला पुढे मुंबईला नेलं, दोन महिन्यांनी परत आणलं. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. दत्तात्रेय एकदा दारापर्यंत जाऊन आले, पुन्हा फिरकले नाहीत.

शिमग्यानंतरच्या आठवड्यात कमळानं त्यांना भर रस्त्यात गाठलं.

"काय वो भाऊ, आमच्या दारात वाघ बांधलाय काय?"

"नाही... बरं नव्हतं जरा."

"दोन वाजले की दाराकडं तोंड करून बसतात ते. मी म्हणते, नाय येत तुमचा भाऊ, तर माझ्यावरच डोळे वटारतात." ती हसली आणि मग पदरानं घाम पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं. "निहार आला होता पालखीला. माझ्या हातचं पाणी नाय प्यायला. त्याचं काय चुकलं म्हणा. सकाळी हात जड म्हणाले, आणि मी मेली हसले."

दत्तात्रेयांनी घरी येऊन कपाटातलं पुस्तक काढलं, त्यातलं हेतलचं पत्र बाहेर घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोनला ते पडवीत हजर झाले. महिपतनं त्यांच्याकडे पाहिलं आणि डाव्या हातानं बाकावर थाप मारली, बस म्हणून.

"आज पुस्तक नाही आणलं," दत्तात्रेय म्हणाले. "हेतलला लिहिलंय. ते वाचतो."

ते वाचत गेले. दोन वाजता महिपतचे हात नेहमीसारखे चालत होते. पावणेतीनला माझ्यासमोर सुई पडली. मी रिक्षा थांबवली नाही. घरी जाऊन पुस्तक वाचत बसलो, चहा प्यालो. पावणेदोन तास माझ्यामुळे गेले, तुझ्या आईमुळे एक क्षणही नाही. निहारला हे पत्र दाखव. मी आत्ताच आलो असं म्हणालो, ते तोंड लपवायला.

दत्तात्रेय समोरून उठून गेले होते, हे महिपतला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सांगायला जीभ तेवढी नव्हती. तो जाळ्याच्या ढिगाकडे बघत राहिला.

कमळा केव्हाची उंबऱ्यात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सहा महिने," ती म्हणाली. "सहा महिने मी माझ्या पोराकडं मान वर करून बघितलं नाय, भाऊ."

"वहिनी, मी..."

"आता काय बोलू नका. आधी ते पेटीत घाला. शिव्या मग देते."

दत्तात्रेयांनी पत्राची घडी घातली. कडा जुळेनात. तेव्हा महिपतनं डावा हात पुढे केला आणि मांडीवर दाबून धरून घडी बसवली. त्यानं वर मात्र पाहिलं नाही.

टपालपेटी थांब्यापाशी होती. रिक्षावाले पत्ते खेळत होते. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "काय भाऊ, कुठं सोडू?"

"कुठं नाही," दत्तात्रेय मान वर करून म्हणाले. "पत्र टाकून परत महिपतकडे जायचंय."

आणि त्यांनी पत्र पेटीत सोडलं.