गोष्टीचा शुक्रवार

टक्. दुपारच्या सामसूम घरात एका कळीचा आवाज झाला. जेवून सगळे आडवे झाले होते; खालची दुकानंही ऊन उतरेपर्यंत बंद. टक्. भाविनी संगणकाची टॅबची कळ दाबत होती आणि कानाला लावलेल्या हेडफोनमधला आवाज तिला पडद्यावरचं एकेक वाचून दाखवत होता. प्रवेश. गोष्टीचा शुक्रवार. तारीख निवडा. टक्. संपर्क.

तारखा कुठे गेल्या? ती उलटी मागे गेली, पुन्हा पुढे आली. ‘तारीख निवडा’नंतर थेट ‘संपर्क’. मधलं काही जणू नव्हतंच.

तिच्या लेकीच्या, ऋत्वीच्या बालमंदिरात दर शुक्रवारी कुणा एका मुलाची आई येऊन गोष्ट सांगायची. वार ज्या त्या आईने वेबसाइटवरून घ्यायचा. जन्मापासून न दिसणाऱ्या भाविनीकडे गोष्टी गाठोडंभर होत्या, पण दिवाळी गेली, उत्तरायणाचे पतंग उडून गेले, तिचा वार आलाच नाही. बाईंना वाटलं, हिला यायचंच नसेल. जूनमध्ये ऋत्वी मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे आयांना गोष्टी सांगायला कोण बोलावतंय?

ही वेबसाइट धाकट्या दिरानेच बनवलेली. केतुल मनाने लोण्यासारखा. “भाभी, तुम्ही कशाला त्रास घेता? मी टाकतो ना नाव,” असं दोनदा म्हणाला होता आणि कामाच्या रगाड्यात दोन्ही वेळा विसरला होता.

तो उठल्यावर भाविनीने त्याला तारखांचं सांगितलं. त्याला ते पटेना. “असं कसं? मी स्वतः डोळे मिटून वापरून बघितलीय, खास तुमच्यासाठी.” त्याने तिथेच डोळे मिटले, माऊस सरकवला आणि तारखेवर बरोबर टिचकी मारली.

सासूबाई चहाच्या बशा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बशा खाली ठेवल्या आणि माऊसची वायर उपटली.

“डोळे मिटलेस रे, पण हात आधी बघून ठेवलेल्या जागीच गेला. आता कर.”

केतुलने कळा दाबल्या. प्रवेश. तारीख निवडा. संपर्क. पुन्हा तेच. स्वतःच्या हाताने बांधलेल्या घरात त्यालाच शिरता येईना! तारखा माऊसच्या टिचकीलाच उघडतील अशा त्याने केल्या होत्या. कळीला तिकडे वाटच नव्हती.

“सांगितलं असतंत तर मी लगेच...” तो पुटपुटला.

“केतुलभाई, तुमची मदत नको असं नाही,” भाविनी म्हणाली. “पण माझ्या लेकीसाठी एक वार घ्यायचा, तर मी तुम्ही झोपेतून उठायची वाट बघत बसायची?”

सासूबाईंनी त्याच्यापुढे बशी सरकवली. “उन्हाळ्यात नाक्यावर पाणपोई घालतोस ना? मग माठ माळ्यावर चढव आणि पाटी लाव, तहान लागली तर केतुलला हाक मारा. बघू कोण दुवा देतं ते.”

चहावर साय धरली तरी केतुल पडद्यासमोरून हलला नाही. संध्याकाळी त्याने वहिनीला हाक मारली आणि खुर्ची सोडून बाजूला उभा राहिला.

टक्. “सात मार्च, शुक्रवार, मोकळा.” तिने एंटर दाबलं. “तुमचं नाव नोंदलं आहे.” ती एक कळ मागे गेली, पुन्हा पुढे आली. तेच वाक्य तिला परत ऐकायचं होतं.

वाचकहो, बँक, दवाखाना, शाळा, सगळं आपण पडद्यावर नेलं. तिथे सगळ्यांना शिरता येतं का, हे पाहायचं राहिलं. आपल्यातलं कुणी असं काही बांधत असेल, तर नुसते डोळे मिटून तपासू नका. माऊस दूर ठेवा, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना शेजारी बसवून विचारा. मदतीला हात असावाच, पण कुणाच्या हाताची वाट बघायला लागू नये.

ऋत्वीला कळलं तेव्हा ती आधी घरभर नाचली. मग आईच्या मांडीत येऊन बसली आणि विचारात पडली.

“मम्मी, गोष्टीच्या वेळी आम्ही सगळे तोंडावर बोट ठेवून बसतो. अगदी गप्प. मग त्यातली मी कुठली, ते तुला कसं कळणार?”

भाविनीने तिचे केस मागे सारले. मग तिचं बोट धरून आपल्या तळहातावर टेकवलं, “गोष्ट सुरू व्हायच्या आधी एकदा असं कर.”