सात रंगांचे दोरे

फळमाशीने अंडी घातलेल्या पेरूवरचा डाग मोहरीच्या दाण्याएवढाही नसतो. तेवढ्यापुरती साल किंचित दबलेली आणि जराशी गडद. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या धाकटीलाही तो शोधायला चष्मा लागायचा. थोरली मात्र पेरू उचलायची आणि त्यावरून एकदा अंगठा फिरवायची, की फळाचा निकाल लागला.

दोघी जावा एकाच घरात वर-खाली राहत. धाकटीचा नवरा पेरूचं नाव निघालं, की चपला शोधायला लागायचा, त्यामुळे परसातलं काम या दोघींचंच. झाड थोरलीच्या यजमानांनी लावलेलं. ते वरच्या बेचक्यात फळी ठोकून तिच्यावर बसत आणि पेरू हातांनी उतरवत. करवत त्यांनी झाडाला कधी लागू दिली नाही. ते जाऊन तीन वर्षं झाली होती, झाड पंचवीस फुटांवर गेलं होतं आणि शेंड्याचे पेरू आता आपले आपण पडत होते. रोज बादलीभर पडत, कधी पाखरांनी टोचलेले, कधी फुटलेले, बरेचसे डागी. जमिनीवर तसेच राहिले, तर आतल्या अळ्या मातीत उतरणार आणि पंधरवड्यात त्यांच्या माश्या होऊन शेजारीपाजारी हिंडणार.

थोरलीची सगळी नोकरी इस्पितळाच्या शिवणखोलीत झाली. कोणती चादर कोणत्या वॉर्डाची, हे तिथे काठाच्या दोऱ्यावरून ओळखत. तीच युक्ती तिने परसात आणली. सकाळी पडलेले पेरू काळ्या पिशवीत भरायचे, पिशवीचं तोंड त्या वाराच्या रंगाच्या दोऱ्याने आवळायचं आणि ती पत्र्याच्या शेडवर उन्हात टाकायची. सोमवारचा दोरा लाल, गुरुवारचा पिवळा, असे सात वारांचे सात रंग. तोच वार पुन्हा आला, की त्या रंगाची पिशवी उतरवायची. तोवर आतल्या अळ्या उन्हाने शिजलेल्या असत. मग सगळं खड्ड्यात ओतून वर माती लोटायची. यात वही नव्हती, तारीख नव्हती. धाकटीने हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा बाटल्यांना लेबलं चिकटवण्यात गेलेला आपला जन्म आठवून तिला हसू आलं होतं.

चूक झाली ती थोरलीच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आठवड्यात. काम धाकटीकडे आलं होतं. गुरुवारी पिवळ्या दोऱ्याचं रीळ संपलेलं दिसलं. पिशवी बंद असल्याशी मतलब, असं म्हणून तिने लाल दोरा बांधला आणि विसरून गेली. सोमवारी थोरली काळा चष्मा लावून पुन्हा कामाला लागली. शेडवर दोन लाल पिशव्या होत्या. त्या सोमवारी पेरू जास्त पडले असतील, असं समजून तिने दोन्ही खड्ड्यात रिकाम्या केल्या. त्यांतली एक चारच दिवसांची होती, आणि ते चारही दिवस ढगाळ होते.

तीन आठवड्यांनी शेजारचे मास्तर कुंपणाशी आले. मास्तरणीने खत घालून जपलेल्या त्यांच्या ठेंगण्या झाडाला पहिल्यांदाच पेरू धरले होते. त्यांच्या हातातल्या पाचही पेरूंवर डाग होता. मास्तर आवाज चढवणारे नव्हते. रविवारी झाडं तोडणारा माझ्याकडे येतोय, तुमचंही झाड काढून घ्या, नाहीतर मला नगरपालिकेत अर्ज द्यावा लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. धाकटीने तोंड उघडलं, पण थोरली तिच्या आधी बोलली.

"चुकीची पिशवी मी उघडली, मास्तर. दोष मास्तरणीच्या खताला देऊ नका, तेवढं पाहा."

मास्तरांना हसू आवरेना, पण रविवार काही त्यांनी मागे घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून थोरली दोन बादल्या घेऊन निघू लागली, एक आपल्या परसासाठी, एक त्यांच्या. वाकायची, उचलायची, अंगठा फिरवायची. त्र्याहत्तराव्या वर्षी, एक डोळा अजून लाल.

शनिवारी चहा ओतताना धाकटीला राहवलं नाही.

"जाऊबाई, तो लाल दोरा मी बांधला होता. पिवळा संपला होता."

"माहीत आहे."

"कसं?"

"त्या गुरुवारी शेडवर पिवळी पिशवीच नव्हती. आणि तुझी गाठ उलटी असते. तीस वर्षं नुसत्या बाटल्यांची बुचं फिरवलीस, गाठ कुठे मारलीस?" थोरलीने बशी पुढे सरकवली. "पिऊन घे, प्रयोगशाळा. चहा निवतोय."

धाकटीने बशी उचलली. झाड हाताच्या उंचीवर छाटलं, तर पेरू पडायच्या आधीच काढता येतील, हे ती दर वर्षी सांगत आली होती. दर वर्षी थोरली "बघू" म्हणायची, आणि तिची नजर खिडकीतून त्या बेचक्यातल्या फळीकडे जायची. आज धाकटीने तो विषय काढला नाही. जी बाई दुसरीच्या चुकीचा दोष गुपचूप स्वतःवर घेते, तिला शहाणपण काय शिकवायचं, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी झाडवाला दोर आणि करवत घेऊन परसात आला. मास्तर कुंपणापलीकडे हात मागे बांधून उभे होते. झाडवाल्याने बुंध्यावर थाप मारली आणि मुळाशीच कापायचं ना, असं विचारलं.

थोरली घरात गेली. आता ती बाहेर यायची नाही, असं धाकटीला वाटलं. पण ती आली, हातात शिवणाच्या डब्यातला निळा खडू घेऊन. झाडाला पाठ टेकवून ताठ उभी राहिली. उजवा हात वर केला, बोटं ताणली. मग वळून, बोटं पोचली होती तिथे, बुंध्यावर एक सरळ रेघ ओढली. इतकी सरळ, की धाकटीला पट्टी लावून पाहावीशी वाटली.

थोरलीने एकदा वर पाहिलं.

"इथपर्यंत ठेव," ती झाडवाल्याला म्हणाली. "वरचं सगळं उतरव. फळीसकट."