कुहीचं तणस, नंदनवनचं खत

मारबतीच्या दिवशी, पीडा घालवायच्या मिरवणुकीत, नंदनवन वस्तीच्या पोरांनी काढलेला बडग्याचा पुतळा म्हणजे शोभाताईंची खताची शेडच होती. खोक्याची शेड, तिच्यावर नाक दाबून बसलेलं कापडी माणूस, आणि मागून आरोळी, "शोभाताईचा वास घेऊन जा गे मारबत!" शोभाताई गॅलरीतून बघत होत्या. वरवर हसल्या, पण बोल जिव्हारी लागला. घरोघर फिरून बायांना ओला कचरा वेगळा करायला शिकवणाऱ्या त्याच, आणि आता अख्ख्या वस्तीत हसं झालं तेही त्यांचंच.

वास काही खोटा नव्हता. पावसानं शेडमधला कचऱ्याचा ढीग गच्च ओला झाला होता. त्यात कोरडं काहीतरी मिसळायला हवं, हे त्यांना ठाऊक होतं. पण शहरात कोरडं म्हणून मिळतं काय, तर प्लास्टिक! वस्ती समितीच्या बापूजींनी सरळ सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत वास गेला तं ठीक, नाही तं शेड पाडतो. लोकायले खिडक्या उघडता येऊन नाही राहिल्या." आणि बापूजी एकदा बोलले की बोलले.

तेव्हा शोभाताईंना प्रेमानंद आठवला. हा कुहीचा शेतकरी, बाजारात तांदूळ विकायला येई आणि मळणीनंतर भाताचा पेंढा उरतो, ते तणस जाळावं लागतं म्हणून कुरकुरत बसे. त्यांनी फोन केला. दोन-चार दिवसांत ट्रॅक्टरभर तणस दारात हजर.

आता आपल्याकडे शेजारणीचा डबासुद्धा कुणी रिकामा परत करत नाही, तिथे ट्रॅक्टर कसा करणार? शोभाताईंनी तो खतानं भरून दिला. खत अजून कच्चं होतं, हाताला गरम लागत होतं. पण रीत म्हणजे रीत!

आठवड्यानं प्रेमानंदचा फोन आला. "ताई, बांधीच्या ज्या कोपऱ्यात तुमचं खत टाकलं, तिथलं धान पिवळं पडलं."

शोभाताईंनी मनात हिशेब केला. तणस बंद होणार, शेड जाणार, आणि एका भल्या माणसाचं नुकसान केलं ते वेगळंच. त्या तडक कुहीला गेल्या आणि बांधावरच म्हणाल्या, "चूक माही आहे गा प्रेमानंद. कच्चं खत दिलं मी तुले, त्याच्या गरमीनं धान जळलं."

प्रेमानंदनं डोकं खाजवलं. "अन् मीबी आल्याआल्या टाकलं नं! तुम्ही एवढं प्रेमानं दिलं, ते पडून काहून राहू द्याचं?"

दोघं एकमेकांकडे बघून बांधावरच खो खो हसत सुटले. दोघांच्या सभ्यपणापायी बिचाऱ्या धानाचा जीव गेला होता.

तिथेच ठरलं. यापुढे खत पिकल्याशिवाय हलणार नाही, गाडी रिकामी गेली तरी चालेल. प्रेमानंदनं सावनेरच्या कवडूलाही सोबत घेतलं. या मित्राकडे पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, बारीक करायचं यंत्र होतं आणि कापसाच्या वावराला खत हवं होतं. "इकडं आम्ही पऱ्हाट्या जाळून राहिलो, अन् तिकडं तुमचा ढीग सडून राहिला," कवडू म्हणाला. "येड्यायचा बाजार आहे नुसता!"

मग कचऱ्यावर तणस, तणसावर पऱ्हाटीचा चुरा, असे थर पडू लागले. बाया पाळीपाळीनं फावडी घेऊन ढीग उलथत. ढिगात हवा खेळू लागली. शोभाताई सकाळी देवापुढे जायच्या आधी शेडपुढे जात आणि नाक ओढून बघत. वास आज थोडा कमी, उद्या आणखी कमी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुहीचा आणि सावनेरचा ट्रॅक्टर एकदमच गल्लीत शिरले, पिकलेलं खत न्यायला. आणि वाटेत आडवी गाडी कुणाची? बापूजींची! समितीची माणसं घेऊन ते शेडचा निकाल लावायला आले होते. शोभाताईंनी शेडचं दार सताड उघडलं. बापूजींनी खताची मूठ उचलली, नाकाशी नेली, पुन्हा नेली. मूठ काही खाली टाकवेना.

"शोभाताई," ते म्हणाले, "माह्या गुलाबायले उरन का हे?"

"म्हणजे शेड राहते नं?"

"आता हे पाडाले कोण येते तेच पाहतो मी!"

"मंग आधी कुही, मंग सावनेर, अन् मंग तुम्ही. रांगेत राहा जी!"

समितीची माणसं हसली. बापूजी गाडी हलवायला धावले आणि परत येऊन ट्रॅक्टरवाल्यांना हातवारे करत ओरडू लागले, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या!" शेडच्या दारात शोभाताईंचे डोळे भरून आले. त्या जिंकल्या होत्या, आणि ते लपवायची त्यांना मुळीच गरज वाटली नाही. सगळ्या वस्तीदेखत त्यांनी पदर खोचला आणि पहिलं घमेलं स्वतः उचललं.